शेंगदाणा न चालणारं लेकरू आणि आपलं सणावाराचं घर

ओट्यावरून
सर्वांना सलाम.

आम्ही अमरावती जिल्ह्यात, परतवाड्याच्या अलीकडच्या एका गावात राहतो. घरी सासू-सासरे, आम्ही दोघं, सात वर्षांचा मुलगा आणि साडेतीन वर्षांची लेक. लेकीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, आणि ती पुरळ उठून थांबणारी नाही. ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, मग श्वासाला घरघर लागते. निदान पक्कं झालंय. औषध कोणतं आणि इंजेक्शन कधी, हे डॉक्टरांनी लिहून दिलंय. त्यामुळे डॉक्टरी सल्ल्यासाठी हा धागा काढलेला नाही. मला घराविषयी, गावाविषयी आणि आपल्या चर्चच्या मंडळीविषयी बोलायचंय.

वऱ्हाडात शेंगदाणा टाळायचा म्हणजे काय, ते इथल्यांनाच कळेल. पोह्यात तो, वांग्याच्या भरतात तो, ठेच्यात तो, रश्श्याला कूट, साबुदाण्याला कूट, चिवड्यात तर मुठीनं. उन्हाळी भुईमूग निघाला की शेजारी पाटीभर ओल्या शेंगा ओट्यावर आणून ओततात, मायेनं. घरातून तो काढणं सोपं गेलं. सासूबाईंनी स्वतःच डबा रिकामा केला, पाटा-वरवंटा घासून उन्हात ठेवला. अवघड आहे ते उंबऱ्याबाहेरचं.

गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. नाताळात आमच्याकडून ताटं जातात, दिवाळीत त्यांच्याकडून येतात. संक्रांतीचा तिळगूळ, गणपतीचा प्रसाद, भंडाऱ्याचं जेवण. आता लेकीच्या हातावर कुणी काही ठेवलं आणि मी 'नको' म्हटलं, की समोरचीचा चेहरा उतरतो. ख्रिस्ती घरानं प्रसाद नाकारला याचा गावात एकच अर्थ लागतो. 'तुमच्यात चालत नाही ना, राहू दे.' मी अ‍ॅलर्जीचं सांगते, त्या मान डोलावतात, पण मनात गाठ बसलेली दिसते. उलट मंडळीतल्या एक-दोघी म्हणाल्या, 'बरं झालं, आपोआप सुटका झाली.' हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं. माझ्या लेकीचं दुखणं शेजाऱ्यांच्या देवाविरुद्ध कुणी वापरू नये.

आणि आपल्या मंडळीत तरी काय? प्रीतिभोजनात, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणात, एकाच पळीनं सगळं वाढतात. महिला मंडळाच्या घरोघरच्या प्रार्थनासभेत चहाबरोबर चिवडा असतोच. कॅरलच्या, म्हणजे नाताळची गाणी गात घरोघर फिरण्याच्या, रात्री अंधारात लेकरांच्या हातात कोण काय देईल, सांगता येत नाही. मागच्या नाताळात मी लेकीला घेऊन घरीच बसले. बाहेर ढोलकी वाजत होती आणि ती दाराशी उभी राहून रडत होती. या वर्षी मला तसं करायचं नाहीये. ज्यांच्या घरी असं लेकरू आहे, त्यांनी मंडळीला आणि गावाला कसं सांगितलं? ताटात काय नको हे मला ठाऊक आहे. लेकीला माणसांत कसं ठेवायचं, ते सांगा.

पूर्णाकाठ
सलाम ताई. आमच्या मुलाला दुधाची होती, पाचव्या वर्षी सुटली. दुधाची आणि अंड्याची बहुतेक मुलांची मोठी होताना सुटते. शेंगदाण्याची मात्र पाचातल्या एखाद्याचीच सुटते असं आम्हाला सांगितलं होतं, म्हणून तुम्ही लांबच्या हिशेबानं विचार करताय ते बरोबरच आहे. आम्ही सुरुवात नवऱ्याच्या भावंडांपासून केली. गावाला सांगण्याआधी नातेवाइकांना सांगणं कठीण जातं, हा माझा अनुभव.

निवृत्त सिस्टर
मी मिशन हॉस्पिटलमध्ये नोकरी केली, नंतर सरकारी सेवेत होते. ताईंनी डॉक्टरी सल्ला नको म्हटलंय, तरी चार गोष्टी सांगते. मंडळीला सांगायचं झालं तर नेमकं काय सांगायचं, ते यातच आहे.

पुरळ, खाज एवढंच असेल तर अ‍ॅलर्जीची गोळी किंवा सिरप चालतं. पण श्वास लागला, आवाज बसला, वारंवार उलट्या झाल्या किंवा लेकरू एकदम मलूल पडलं, तर त्या सिरपनं जीव वाचत नाही. तिथे अ‍ॅड्रेनॅलिन हेच औषध, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, आणि ती डॉक्टरांनी तुमच्या कागदावर लिहिलेली असेल तेवढीच. परदेशात आपोआप टोचणारं पेन मिळतं. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) आणि 1 मिलीची सिरिंज असाच संच बहुतेक घरी असतो. इंजेक्शन दिल्यावर लेकराला उभं करू नका, चालवू नका. आडवं झोपवून पाय उंच ठेवा. श्वासाला फारच त्रास असेल तर टेकवून बसवा. 108 ला फोन करा. बरं वाटलं तरी दवाखान्यात नेऊन काही तास थांबा, कारण त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो.

दुसरं, उन्हाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. हे औषध गाडीच्या डिकीत, पत्र्याखाली किंवा उन्हात ठेवू नका. अँप्यूलमधलं पाणी पिवळट-तपकिरी दिसलं तर ते टाकून नवीन घ्या.

तिसरं फार कमी लोकांना माहीत असतं. लसीकरणाच्या दिवशी एएनएमजवळ, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सजवळ, अ‍ॅड्रेनॅलिनचा किट असतो, लसीची तीव्र रिअ‍ॅक्शन आली तर द्यायला. म्हणजे तुमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरला हे औषध नवं नाही. तिला घरी चहाला बोलवा, डॉक्टरांचा कागद दाखवा, लेकीची ओळख करून द्या. गावात ते औषध जाणणारं दुसरं माणूस असणं ही मोठी गोष्ट आहे.

वऱ्हाडी काका
माय, आमच्या काळी असं काई नोतं. पोट्टे वावरातच शेंगा खाऊन मोठे झाले. मले वाटते, रोज एक-एक दाना चाटवला तं सवय होऊन जाईन. मी काई डाक्टर नाई, पन म्हाताऱ्याचं आयकून पाहा.

कपाशी
काका, तुमची माया कळते, पण हे घरी कुणी करू नये. लेकरू लहान असताना, म्हणजे पहिल्या वर्षातच, योग्य पद्धतीनं शेंगदाणा खाण्यात आला तर पुढे अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता कमी होते, हे 2015 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. त्या अर्थानं वावरातल्या पोरांबद्दलचं तुमचं म्हणणं अगदीच वाया जात नाही. पण तो इलाज अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून. ज्या लेकराला ती आधीच झालीय, त्याला घरी दाणा चाटवला तर तोच दाणा त्याला दवाखान्यात नेईल. थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायची पद्धत आहे, पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मोजून आणि हाताशी औषध ठेवून करतात.

वऱ्हाडी काका
असं हाय काय. मंग नोको. बरं केलं सांगतलं. घरी नातवाच्या आईलेबी सांगतो.

निळं आभाळ
जय भीम ताई, आणि नमस्कार सगळ्यांना. मी ख्रिस्ती नाही, पण शेजारी म्हणून लिहिते. आमच्या वस्तीत बुद्धपौर्णिमेला खीरदान असतं. माझ्या भाचीला काजूची अ‍ॅलर्जी आहे, आणि खिरीत काजू पडतोच.

प्रसाद हातावर पडतो त्या क्षणी 'नको' म्हटलं तर कुणालाही लागतं. तेव्हा कारण ऐकून घ्यायला त्या बाईला वेळ नसतो, मागे रांग उभी असते. आम्ही सणाच्या आदल्या दिवशी जातो. स्वयंपाक करणाऱ्या बायांकडे भाचीला घेऊन जातो आणि तिच्यासमोर सांगतो. लेकरू डोळ्यांपुढे असलं की बाया वेगळंच ऐकतात. मागच्या खेपेला त्यांनी काजू टाकायच्या आधी एक गंज वेगळा काढून ठेवला, झाकणावर खडूनं खूण करून. आम्ही न मागता.

तुमच्या गावातही आदल्या दिवशी जाऊन पाहा. 'आमच्यात चालत नाही' आणि 'माझ्या लेकीला हे खाल्लं की श्वास लागतो', यातला फरक सणाच्या गडबडीत कळत नाही. आदल्या दिवशी चुलीपाशी बसून सांगितला तर कळतो.

मेळघाटवाली
निळं आभाळ ताईंशी सहमत. फक्त एक गोष्ट आपल्या बाजूनं प्रामाणिकपणे सांगावी लागेल. प्रसाद घ्यावा की नाही यावर आपल्या घरांत वेगवेगळी मतं आहेत, आणि ज्याचा-त्याचा विवेक आहे. आमच्या घरी आम्ही प्रसाद घेत नाही, पण दिवाळीचा फराळ, लग्नाचं जेवण, पोळ्याची पुरणपोळी आनंदानं खातो. मग प्रसादाच्या वेळी मी अ‍ॅलर्जीची सबब पुढे केली, तर ते खोटं ठरतं. आज नाही तर उद्या शेजारणीच्या लक्षात येतं की ही स्वतःही घेत नाही, हिला कुठे अ‍ॅलर्जी आहे? मग लेकीच्या खऱ्या दुखण्यावरही विश्वास उरत नाही. म्हणून दोन्ही गोष्टी वेगळ्या सांगाव्यात. आपल्या श्रद्धेचं कारण नम्रपणे सांगावं. लेकीचं कारण लेकीचं म्हणून सांगावं, आणि तेही फराळाच्या, लाडवाच्या, साध्या खाऊच्या संदर्भात, जिथे श्रद्धेचा प्रश्नच नसतो.

ओट्यावरून
मेळघाटवाली ताई, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही प्रसाद घेत नाही, म्हणूनच सगळं एकात एक गुंतत होतं. फराळापासून सुरुवात करते. दिवाळीच्या आधी घरोघर जाईन, लेकीला घेऊनच.

अजून एक विचारायचंय. एका सभेत बाहेरगावाहून आलेले प्रचारक म्हणाले, 'विश्वास ठेवून भरवा, काही होणार नाही.' सासूबाईंच्या मनात ते घोळतंय. त्या श्रद्धाळू आहेत, लेकीवर जीव आहे, आणि आपला विश्वासच कमी पडतोय असं त्यांना वाटायला लागलंय. त्यांना काय सांगू?

जुना वडील
मी मंडळीत वडील (एल्डर) म्हणून बरीच वर्षं सेवा केली आहे. ताई, सासूबाईंना माझा सलाम सांगा. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, आजाऱ्यानं वडिलांना बोलवावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे. ते आपण करतो, मनापासून करतो, तुमच्या घरीही यायला तयार आहोत. पण त्यात कुठेही असं नाही, की दुखणं ओढवणारी वस्तू मुद्दाम लेकराच्या तोंडात घालून देवाची परीक्षा पाहावी. सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेऊन 'उडी टाक, देवदूत झेलतील' म्हणाला, तेव्हा देवाची परीक्षा पाहू नको, हेच प्रभूनं उत्तर दिलं. तुमच्या लेकीला दाणा भरवणं ही तसलीच उडी. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता; पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. आणि वैद्याची गरज दुखणाइताला असते, हे तर प्रभूच्याच तोंडचं आहे, मत्तय 9:12.

विश्वास कमी पडला म्हणून लेकरू आजारी आहे, असं कुण्या आईला किंवा आजीला सांगणं मला पाप वाटतं. कठोर शब्द वापरतोय, पण अशी ओझी वाहून मोडलेल्या माणसांना मी भेटलोय.

आणि मंडळीचं सांगतो. ज्या अन्नानं माझ्या भावाला अडखळण होतं ते मी कधीच खाणार नाही, असं पौल करिंथकरांना लिहितो. तिथे विषय मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा आहे, शेंगदाण्याचा नाही, हे मला कळतं. तरी धाकट्यासाठी आपल्या ताटातली वस्तू बाजूला ठेवायची, ही रीत तीच. एका लेकरासाठी प्रीतिभोजनातून कूट काढलं तर जेवणाची चव थोडी जाईल. जाऊ द्या. त्या पंगतीला आपण प्रीतिभोजन म्हणतो आणि त्याच पंगतीला एक लेकरू बसू शकत नाही, हे मला पटत नाही. पाळकसाहेबांना वर्षाच्या सुरुवातीच्या सभेत सांगून तसा ठरावच करून घ्या. म्हणजे दर वेळी आईला दारोदार विनवणी करावी लागणार नाही.

निवृत्त सिस्टर
वडिलांनी लिहिलं त्याला आमेन. तेलाचं एक सांगते. प्रार्थनेला घरातलं जे तेल पुढे असेल ते घेतात. या लेकीसाठी खोबरेल घ्या. आजकाल गावोगावी लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल पुन्हा आलंय. त्यात दाण्याचा अंश उरतो. कारखान्यातल्या रिफाइन्ड तेलातून तो बहुतेक निघून जातो. पण तुम्ही स्वयंपाकालाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंच शेंगदाणा तेल वापरू नका. भंडाऱ्याच्या, लग्नाच्या स्वयंपाकात तेल कोणतं, हेही विचारत जा.

वसई नव्हे वर्धा
आम्ही कॅथलिक. आमच्या मोठ्या मुलाला गव्हाची अ‍ॅलर्जी, सेवाग्रामला दाखवलं होतं. त्याचं पहिलं कम्युनियन (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा विधी) जवळ आलं तेव्हा मी फार घाबरले होते, कारण ख्रिस्तप्रसादाची भाकर गव्हाचीच लागते. कमी ग्लुटेनची मिळते, पण गहू अजिबात नसलेली चर्चला मान्य नाही. फादरांनी सांगितलं, फक्त द्राक्षारसाच्या रूपात घेतलं तरी ते पूर्ण कम्युनियन. त्यासाठी वेगळा प्याला ठेवतात, ज्यात भाकरीचा तुकडा पडलेला नसतो. मुलगा सगळ्यांबरोबर रांगेत उभा राहिला. ताई, आधी जाऊन विचारलं तर वाट निघते.

पूर्णाकाठ
मोठ्या भावाचं काय, ताई? सात वर्षांचा म्हणालात. आमच्याकडे मोठी मुलगी मनातल्या मनात कुढत होती, कारण धाकट्यासाठी घरातली खीर बंद झाली होती.

ओट्यावरून
बरं विचारलंत. तो खूप समजूतदार आहे आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. चिक्की त्याची आवडती. आम्ही ठरवलंय की त्यानं मित्राकडे, मावशीकडे मनसोक्त खावी. घरी आला की आधी साबणानं हात-तोंड धुवावं, मगच बहिणीला उचलून घ्यावं. शनिवारी त्याचे बाबा त्याला एकट्याला घेऊन परतवाड्याला जातात. बहीण नसते, त्या दिवशी त्याला पाहिजे ते खायचं.

कपाशी
साबण बरोबर. सॅनिटायझरनं दाण्याचा अंश जात नाही, हे शाळेतल्या बाईंनाही सांगून ठेवा. पाकिटातल्या वस्तूंवर शेंगदाणा, दूध, अंडं, सोयाबीन, गहू यांची नोंद करणं एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) 2020 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे, त्यामुळे पाकीट वाचता येतं. सुटं फरसाण, बेकरीची खारी, आठवडी बाजारातली रेवडी यांवर काहीच लिहिलेलं नसतं. ते मी सरळ बंदच ठेवते.

नाताळच्या चिवड्याला दाण्याऐवजी फुटाण्याची डाळ आणि खोबऱ्याचे काप घाला. तीळ, जवस घालण्याआधी डॉक्टरांना विचारा, तिळाचीही काहींना असते. करंजीच्या सारणात खोबरं-खसखस पुरे. आणि फराळ करायच्या दिवशी कढई, झारा, परात घरचीच वापरा. शेजारणीची मोठी कढई मागून आणली तर तिच्या कडेला जुनं कूट चिकटलेलं असू शकतं.

मेळघाटवाली
अंगणवाडीत आणि शाळेत लेखी द्या. तोंडी सांगितलेलं बाई बदलली की जातं. आहारात चिक्की, लाडू, कूट घातलेली उसळ येऊ शकते. आमच्या भागात अंगणवाडीतून अंडीही देतात, म्हणून अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनीही तसंच करावं. एका कागदावर लेकीचा फोटो, काय चालत नाही, त्रासाची लक्षणं, औषध कुठे आहे आणि घरचे दोन नंबर. तोच कागद स्वयंपाक करणाऱ्या ताईंना वाचून दाखवा. त्या ताई ऐकतात, मुख्याध्यापकांपेक्षा जास्त, कारण लेकरांच्या ताटाशी त्याच असतात. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याआधी एप्रिलमध्येच भेटून घ्या.

ओट्यावरून
सगळ्यांचे मनापासून आभार. जुना वडील काकांचं लिहिलेलं मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, 'पाळकायले मीच सांगतो, तू नोको बोलू. माहं आयकतीन.' रविवारी उपासनेनंतर त्या बोलल्याही. प्रीतिभोजनाचं पाळकसाहेब लगेच हो म्हणाले. कॅरलबद्दल तरुण संघाशी बोलायचं ठरलंय. लेकरांना त्या रात्री हातात खाऊ न देता सगळा एका पिशवीत गोळा करायचा आणि शेवटी चर्चमध्ये वाटायचा, असं संघातल्या एका मुलानंच सुचवलं. तिच्या वाट्याचा खाऊ मी आधीच वेगळा करून देईन.

निवृत्त सिस्टर, एक विनंती आहे. इंजेक्शन मला आणि ह्यांना येतं. सासूबाईंना आणि महिला मंडळातल्या दोघी-तिघींना दाखवायला याल का? आम्ही शेतात असताना लेक त्यांच्याजवळ असते.

निवृत्त सिस्टर
येते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अमरावतीला काम आहे, तिथून येईन. उपकेंद्रातल्या सिस्टरलाही बोलावून ठेवा, तिच्यासमोर झालेलं बरं. डॉक्टरांचा कागद काढून ठेवा, त्यावरची मात्रा वाचूनच शिकवेन. सरावासाठी सिरिंजा आणि साधं पाणी मी आणते, टोचायला संत्री लागतील, जाड सालीची. तरुण संघातली कॅरलबरोबर फिरणारी दोन मुलंही बसवा. रात्री लेकीच्या सगळ्यात जवळ तीच असतील. वार कोणता सोयीचा, ते कळवा.